हिशेबाच्या वहीत माणूस कुठे आहे?



अर्थसंकल्पाचे दिवस आले की वर्तमानपत्रांत आणि टी.व्ही.वर एकच विषय असतो. विकासदर किती टक्के झाला, शेअरबाजार किती चढला, वित्तीय तूट किती खाली आली. जणू देश म्हणजे एक पेढी आणि सरकार म्हणजे तिचा मुनीम. या चर्चेत आपल्या रेल्वेचे नाव येते ते ऑपरेटिंग रेशोच्या निमित्ताने, आणि पोस्टाचे नाव येते ते तोट्याच्या निमित्ताने. गँगमध्ये माणसे किती उरली, खेड्यातल्या डाकसेवकाच्या घरी म्हातारपणी चूल कशी पेटणार, हे कोणी विचारत नाही.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. अर्थशास्त्राची जाड पुस्तके आम्ही वाचलेली नाहीत. पण तीस वर्षांहून अधिक काळ रुळांवर आणि युनियनच्या कचेरीत काढल्यावर एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. ज्या वहीत माणूस फक्त खर्चाच्या बाजूला लिहिला जातो, त्या वहीतली बचत खरी नसते. तो खर्च कोणाच्या तरी घरी जाऊन पडलेला असतो. आज याच विषयावर आम्ही आपल्याशी बोलणार आहोत, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या चुकीबद्दलही बोलणार आहोत.

८ मे : दोन तारखा

८ मे ही तारीख जुन्या रेल्वे कामगाराला शिकवावी लागत नाही. १९७४ साली याच दिवशी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांचा तो लढा वीस दिवस चालला. वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढले गेले, हजारो तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या आधीच्या पिढीने त्याची किंमत मोजली आणि पुढे बोनसचा हक्क मिळवला.

दुसरी ८ मे आहे २०२० सालची. मार्चच्या अखेरीस प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या. मालगाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत, आणि त्या थांबता कामा नव्हत्या. धान्य, कोळसा, पेट्रोल, औषधे देशभर पोहोचवायची होती आणि आपल्या ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन आणि गँगमन बांधवांनी ते काम जिवावर उदार होऊन केले. त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण त्याच वेळी जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले काही मजूर काम आणि पगार बंद झाल्यामुळे घराकडे निघाले. कुठून तरी श्रमिक गाडी मिळेल या आशेने ते रात्रभर रुळांच्या कडेने चालले. बदनापूर ते करमाड या टप्प्यात थकून ते रुळावर टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडजवळच्या पानेवाडीकडे जाणारी, पेट्रोलच्या रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ब्रेक लावला. पण मालगाडी म्हणजे सायकल नव्हे, ती जागच्या जागी थांबत नाही. सोळा माणसे गेली. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत.

जालन्याहून भुसावळ, खांडवा, इटारसीमार्गे कटनी आणि शहडोलकडे जाणारी ही वाट आपली आहे. या वाटेवरच्या रेल्वे वसाहतींत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. त्या मजुरांना कोणत्या जंक्शनवर गाडी बदलायची हे आपल्यातला कोणीही झोपेत सांगू शकला असता. त्या दिवशी त्यांना सांगायला आणि बसवायला गाडीच नव्हती.

काही शहाणे तेव्हा म्हणाले, रुळावर झोपायला कोणी सांगितले होते? आमचा प्रश्न वेगळा आहे. माल पोहोचवण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून होती. माणसे पोहोचवण्याची व्यवस्था, म्हणजे श्रमिक विशेष गाडी, १ मे रोजी सुरू झाली. तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाला पहिली गाडी सुटली. मधल्या पाच आठवड्यांत लाखो लोक पायी निघाले होते. रूळ तेच, इंजिने तीच, ड्रायव्हर तेच. मग आधी कोणाला न्यायचे हे कशावरून ठरले?

'अर्थव्यवस्था वाचवा'

याचे उत्तर त्याच आठवड्यात मिळाले. ५ मे २०२० रोजी कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी बोलणी केल्यानंतर दक्षिण पश्चिम रेल्वेला पत्र पाठवले आणि परप्रांतीय मजुरांसाठी ठरलेल्या गाड्या रद्द करण्यास सांगितले. कारण काय, तर बांधकामे पुन्हा सुरू होणार होती आणि मजूर निघून गेले तर काम कोण करणार? देशभर टीका झाल्यावर हा निर्णय मागे घ्यावा लागला. पण मनातले बाहेर आले होते. माणूस घरी जायचा म्हणतो आणि अर्थव्यवस्था म्हणते, तू सिमेंटच्या गोणीसारखा साइटवरच पडून राहा.

त्याच मे महिन्यात उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षांसाठी बाजूला ठेवणारा अध्यादेश मंजूर केला. मध्य प्रदेश आणि गुजरातनेही सवलतींची घाई केली. अनेक राज्यांनी कामाचा दिवस आठ तासांवरून बारा तासांवर नेला. गुजरातने तर जादा तासांचा दुप्पट दरही काढून घेतला. ती अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ती लढाई एका कामगार संघटनेने लढवली होती, हे आपण लक्षात ठेवावे.

भाड्याचा प्रश्नही आठवा. हातात दमडी नसलेल्या मजुराच्या तिकिटाचे पैसे केंद्राने द्यायचे, राज्याने द्यायचे की मजुराने, यावर वाद चालला होता. २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मजुरांकडून भाडे घेऊ नका. १ मे ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात ४,६२१ श्रमिक गाड्यांतून ६३ लाखांहून अधिक लोक गेले. त्या गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाला, असे रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. पायी निघालेल्यांपैकी किती गेले, याची आकडेवारी आपल्याकडे नाही, असे उत्तर सरकारने त्याच अधिवेशनात दिले. टनांचा हिशेब दर तासाला ठेवणाऱ्या देशात माणसांचा हिशेब ठेवला गेला नाही.

खर्च कोणाच्या खात्यावर पडला?

आता आपल्या घराकडे येऊ. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले की तोपर्यंत कोरोनाने १,९५२ रेल्वे कर्मचारी दगावले होते. त्याच दिवसांत कळंबोलीहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस पाहून देश टाळ्या वाजवत होता. पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक बांधव खेड्यापाड्यांत, वाडीवस्तीवर औषधे आणि पेन्शनचे पैसे पोहोचवत होते. बँकेच्या शाखेला कुलूप असेल, पण डाकसेवक मशीन घेऊन म्हातारीच्या ओट्यावर बसलेला होता. अंगठा लावा, पैसे घ्या. असे काम करणाऱ्या रेल्वे कामगारांना आघाडीचे कर्मचारी माना, ही मागणी मात्र संघटनांना पुन्हा पुन्हा करावी लागली.

आणि बक्षीस काय मिळाले? जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. अठरा महिन्यांची थकबाकी बुडाली. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. संकट होते, सर्वांनी झळ सोसायची, हे आम्हाला मान्य आहे. पण त्याच्या आधीच, २० सप्टेंबर २०१९ रोजी, कंपन्यांवरचा कर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला होता. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. ती सवलत साथीच्या काळातही गोठवावीशी वाटली नाही. खलाशाचा भत्ता गोठला, पेन्शनर विधवेचा भत्ता गोठला.

ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलतही मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुरुषांना चाळीस टक्के आणि स्त्रियांना पन्नास टक्के मिळणारी ही सवलत साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे परत आली नाही. पंढरपूरला जाणारी आजी आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलात तपासणीला येणारे आजोबा पूर्ण भाडे भरू लागले. बचत झाली रेल्वेची. खर्च पडला त्या आजीच्या कनवटीवर. तिने एक वारी चुकवली असेल, आजोबांनी एक तपासणी पुढे ढकलली असेल. हे कोणत्याच ताळेबंदात दिसणार नाही.

ऑपरेटिंग रेशोची गंमत

शंभर रुपये कमवायला रेल्वेला किती रुपये खर्च येतो, तो आकडा म्हणजे ऑपरेटिंग रेशो. तो गेली काही वर्षे ९८ च्या आसपास दाखवला जातो. हा आकडा शंभराच्या आत ठेवण्यासाठी काय काय होते, ते आमच्या तोंडून ऐकू नका, कॅगच्या अहवालांतून ऐका. २०१८-१९ चा आकडा ९७.२९ दाखवला होता. मालवाहतुकीचे आगाऊ घेतलेले पैसे वगळले असते तर तो १०१.७७ झाला असता, असे कॅग म्हणते. २०१९-२० चा आकडा ९८.३६ होता. पेन्शनचा खरा खर्च धरला असता तर तो ११४.३५ झाला असता. म्हणजे आकडा ठीक दिसावा म्हणून कसरत करायची आणि मग त्याच आकड्याकडे बोट दाखवून कामगाराला सांगायचे की भरतीला पैसे नाहीत.

१९९१ साली, नवे आर्थिक धोरण आले तेव्हा, रेल्वेत साडेसोळा लाख कर्मचारी होते. आता ते बारा लाखांच्या आसपास आहेत. त्या वेळी वर्षाला सुमारे बत्तीस कोटी टन माल वाहिला जाई, आता तो दीडशे कोटी टनांच्या पुढे गेला आहे. यंत्रे आली, सिग्नल सुधारले, हे खरे. पण जून २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार गट 'क' मधल्या २ लाख ७४ हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या आणि त्यातल्या पावणेदोन लाखांच्या आसपास सुरक्षेशी संबंधित होत्या. दुसरीकडे, २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या एक लाखाहून थोड्या अधिक जागांची जाहिरात निघाली, तेव्हा एक कोटीहून अधिक अर्ज आले आणि त्या पोरांना परीक्षेसाठी ऑगस्ट २०२२ पर्यंत थांबावे लागले. कामाला माणूस नाही आणि माणसाला काम नाही. अशा व्यवस्थेला आम्ही अर्थव्यवस्था कशी म्हणावी?

आम्ही गँगमध्ये लागलो तेव्हा एका गँगमध्ये वीस-बावीस माणसे असत. मुकादम हाक मारी, सगळे मिळून रूळ उचलत, एक जण लाल-हिरवी झेंडी घेऊन गाडीवर लक्ष ठेवी. त्याचे काम एवढेच की गाडी दिसली की शिटी वाजवायची. पुढे माणसे रिटायर होत गेली आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. हिशेब करणाऱ्या साहेबाला वाटले, हा झेंडीवाला नुसता उभाच असतो, त्यालाही हातोडा द्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका पावसाळी सकाळी दोनच माणसे लाइनवर होती. दोघेही वाकून काम करत होते. एका लाइनवरून मालगाडी धडधडत जात होती, तिच्या आवाजात दुसऱ्या लाइनवरची गाडी ऐकू आली नाही. एक बांधव वाचला, एक गेला. चौकशीत लिहिले गेले : कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. आम्ही विचारले, तिसरा माणूस कुठे होता? उत्तर मिळाले, जागा मंजूर आहे पण भरलेली नाही. त्या रिकाम्या जागेचा पगार वहीत बचत म्हणून लिहिला गेला होता. ती बचत किती महाग पडली, हे आम्ही त्या बांधवाच्या दारात उभे राहून पाहिले. पत्नीला अनुकंपा नोकरी मिळवून देताना कागदांमागे धावलो. मुलाने शाळा सोडली ती सोडलीच.

डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितले होते की आधीच्या काही वर्षांत सुमारे सोळाशे रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले. सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्च करा, असेही समितीने सुचवले होते. २०१७ मध्ये राष्ट्रीय रेल संरक्षा कोष निघाला. त्या कोषातून पाय दाबण्याची यंत्रे, क्रोकरी आणि फर्निचर घेतले गेले, हे कॅगने २०२२ च्या अहवालात नोंदवले. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला आणि २९० हून अधिक प्रवासी गेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले. तो पूल अपुरा आहे, हे प्रवासी वर्षानुवर्षे सांगत होते. कामगाराची सुरक्षा आणि प्रवाशाची सुरक्षा वेगळी नसते. एका ठिकाणी माणूस स्वस्त झाला की तो सगळीकडे स्वस्त होतो.

पोस्टाचा तोटा

पोस्टाची कथा वेगळी नाही. देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि दहापैकी जवळपास नऊ खेड्यांत आहेत. वहीवाला विचारतो, या शाखेत रोज चार पत्रे येतात, ती चालवायची कशाला? आम्ही विचारतो, गावच्या विहिरीला नफा किती होतो? ती शाखा होती म्हणून २०२० मध्ये पैसे गावात पोहोचले. ते पैसे पोहोचवणारा डाकसेवक मात्र खात्याचा पूर्ण माणूस मानला जात नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्यांची पदे नागरी पदे आहेत. तरीही पेन्शन आणि बढती या बाबतीत त्यांना दाराबाहेरच ठेवले गेले. मे-जून २०१८ मध्ये दोन आठवड्यांहून अधिक काळ संप केला, तेव्हा कुठे त्यांच्या मोबदल्यात सुधारणा झाली. स्वस्तातल्या माणसावर खाते चालवायचे आणि वर तोटा झाला म्हणून त्यालाच ऐकवायचे, हा कोणता न्याय?

पैसा नको असे आम्ही म्हणत नाही

कोणी म्हणेल, युनियनवाल्यांना खर्च वाढवायला काय लागते? पैसा आला नाही तर पगार कुठून देणार? हा प्रश्न खोटा नाही. रेल्वेने माल वाहिलाच पाहिजे, कमाई केलीच पाहिजे, चोरी आणि उधळपट्टी थांबलीच पाहिजे. काम टाळणाऱ्याचे समर्थन आम्ही कधी केलेले नाही आणि करणार नाही. पण घरात कर्ता माणूस कमावतो ते घरातल्यांनी जगावे म्हणून. कमाई वाढावी म्हणून म्हाताऱ्यांचे औषध बंद केले आणि पोरांची शाळा सोडवली, तर त्या घराची भरभराट झाली असे शेजारीसुद्धा म्हणणार नाहीत. देशाच्या बाबतीत मात्र हेच घडले की त्याला 'कठोर पण आवश्यक निर्णय' म्हणतात.

आणि आता आपल्या चुकीबद्दल. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या स्टेशनवरचे कंत्राटी सफाई कामगार, खानपानाच्या गाड्यांवरची पोरे आणि लाल डगल्यातले हमाल यांची कमाई एका रात्रीत थांबली. आपले पगार चालू होते. आमच्या शाखेने वर्गणी काढली, धान्य वाटले, पण ते तीन आठवड्यांनी. त्याआधी आमच्या बैठकीत चर्चा झाली ती आपल्या भत्त्यांची. एका हमालाने आम्हाला विचारले, 'सेक्रेटरीसाहेब, तुमच्या यादीत आमचे नाव कुठे आहे?' आम्हाला उत्तर देता आले नाही. मेंबर नाही म्हणून आम्हीही त्याला आमच्या वहीत लिहिले नव्हते. सरकारला जो दोष आम्ही देतो, तो थोडा आमच्याही कचेरीत होता. हे कबूल केल्याशिवाय दुसऱ्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी अजेंड्यावर घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

१. सुरक्षेच्या रिकाम्या जागांची यादी प्रत्येक सेक्शनवार तयार करावी आणि ती स्टेशनच्या बोर्डावर लावावी. प्रवाशांनाही ती वाचू द्यावी.

२. झेंडीवाला नसेल तर लाइनवर काम सुरू करायचे नाही, हा नियम कागदावर आहेच. तो पाळणाऱ्या बांधवामागे पूर्ण शाखेने उभे राहावे.

३. कंत्राटी सफाई कामगार, हमाल आणि ग्रामीण डाकसेवक यांच्या मागण्या आपल्या मागणीपत्रात पहिल्या पानावर याव्यात, पुरवणीत नव्हे.

४. ज्येष्ठ नागरिकांची सवलत, खेड्यातली पोस्ट शाखा आणि गाडीतले जनरल डबे या प्रश्नांवर प्रवासी संघटना आणि ग्रामपंचायती यांना बरोबर घ्यावे. हे प्रश्न आपल्या पगाराचे नाहीत, म्हणूनच ते आपण उचलले पाहिजेत.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. 'व्यवसाय सुलभता' हा शब्द त्यांच्या समर्थनात वारंवार ऐकू येतो. जगण्याची सुलभता कोणी मोजायची? ती आपणच मोजली पाहिजे, आणि मोठ्याने सांगितली पाहिजे.

दरवर्षी ८ मे रोजी आपण १९७४ च्या हुतात्म्यांना आणि लढवय्यांना अभिवादन करतो. यापुढे त्या सभेत करमाडच्या सोळा मजुरांसाठीही दोन मिनिटे उभे राहावे. ते आपले मेंबर नव्हते. ते आपल्या रुळांवर गेले, एवढे नाते पुरेसे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!